हस्तिदंती चोचीच्या सुताराच्या मुलखात

गुरुवार : ह्यूस्टन ते बॅटन रूज

मामांची एकच फर्माईश होती : "ते सिंगर कंपनीचं रान दाखव मला. बाकी काही नाही दाखवलंस तरी चालेल." मामा वनखात्यातून वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झाले, आणि त्यांच्या नोकरीचा बराच काळ धुळे-नंदुरबारकडच्या सातपुड्यात गेला. हस्तिदंती चोचीच्या सुताराचे, म्हणजे आयव्हरी-बिल्ड वुडपेकरचे, जुने काळे-पांढरे फोटो त्यांनी कधीतरी पाहिले आणि तेव्हापासून त्यांच्या मनातून तो पक्षी गेला नाही. सिंगरचं रान म्हणजे लुइझियानातलं ते जंगल, जिथे तो अखेरचा दिसला. फेब्रुवारीअखेर ते माझ्याकडे ह्यूस्टनला आले होते. झाडांना पालवी फुटायच्या आत गेलं तरच उंचावरचं काही दिसतं, म्हणून लगेच निघालो.

ज्यांना हा पक्षी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतला हा सगळ्यांत मोठा सुतार. लांबी साधारण २० इंच, पंख पसरले की अडीच फूट. अंग तकतकीत काळं, मानेवरून पाठीकडे उतरणारे पांढरे पट्टे, पंखांची मागची कड रुंद पांढरी, नराचा तुरा लाल, मादीचा काळा, डोळा पिवळा. आणि ती चोच. दक्षिणेकडच्या राज्यांत नद्यांच्या पूरक्षेत्रातली जुनी जंगलं हे त्याचं घर. यादवी युद्धानंतर तिथे रेल्वे आणि आरा गिरण्या पोचल्या आणि पन्नास-साठ वर्षांत ती जंगलं संपली. अमेरिकेत सगळ्यांना मान्य असलेली शेवटची नोंद १९४४ ची. त्यानंतर 'दिसला' म्हणणारी माणसं दर दहा-पंधरा वर्षांनी पुढे येत राहिली, आजही येतात.

बोमाँट ओलांडताना मी मामांना डावीकडे हात करून दाखवलं : उत्तरेला बिग थिकेट. १९६६ च्या डिसेंबरात जॉन डेनिस या पक्षीतज्ज्ञाने तिथे नेचेस नदीच्या काठी हा सुतार पाहिल्याचं सांगितलं. डेनिस काही हौशी माणूस नव्हता. १९४८ साली क्युबात जाऊन या जातीच्या तिथल्या जोडीचे फोटो त्यानेच काढले होते, आणि जगात निर्विवाद मानले जाणारे शेवटचे फोटो तेच. तरी टेक्सासच्या नोंदीवर त्याच्या बरोबरीच्या लोकांनी विश्वास ठेवला नाही. "ज्याने पक्षी प्रत्यक्ष पाहिलाय त्याचंही ऐकायचं नाही, तर मग ऐकायचं कुणाचं?" मामा म्हणाले. हा प्रश्न पुढे प्रवासभर आमच्या सोबत राहिला.

लाफायेट मागे पडलं आणि अचाफलाया खोऱ्यावरचा लांबलचक पूल सुरू झाला. १८ मैल गाडी पाण्यावरून चालते. दोन्ही बाजूंना सायप्रसची बिनपानांची झाडं, बुंधे खाली फुगलेले. याच खोऱ्यात मे १९७१ मध्ये एका माणसाने साध्या इन्स्टामॅटिक कॅमेऱ्याने दोन फोटो काढले आणि लुइझियाना विद्यापीठातल्या जॉर्ज लोवरींकडे दिले. लोवरी म्हणजे राज्याच्या पक्षीशास्त्रातलं सर्वांत मोठं नाव. १९३३ साली सिंगरच्या रानात त्यांनी स्वतः हा पक्षी पाहिलेला. फोटो काढणाऱ्याने नाव गुप्त ठेवायची अट घातली होती, कारण बघ्यांची झुंबड त्याला नको होती. लोवरींनी ते फोटो पक्षीतज्ज्ञांच्या वार्षिक सभेत मांडले. सभेचं म्हणणं पडलं की दोन फोटोंत झाडं वेगळी आहेत, पण पक्ष्याची ढब हुबेहूब तीच आहे. तेव्हा कुणीतरी पेंढा भरलेला पक्षी खोडावर बांधला असणार. लोवरी त्या फोटोंच्या बाजूने ठाम उभे राहिले आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. पुढे अशा नोंदी प्रकाशित करायला इतर तज्ज्ञ कचरू लागले, त्याचं एक कारण हेही असणार.

मला तो आरोप पटत नाही. बुंध्यावर कित्येक फूट उंच चढून, दलदलीत, मेलेला पक्षी बांधायचा, तोही दोन झाडांवर, आणि मग स्वतःचं नावही लावायचं नाही? यात त्या माणसाला मिळालं काय?

शुक्रवार : बॅटन रूज

विद्यापीठाच्या फॉस्टर हॉलमध्ये नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय आहे. मोठं झगमगीत काही नाही. जुन्या पद्धतीच्या काचेच्या पेट्या, रंगवलेले देखावे. आयव्हरी-बिलसमोर मामा बराच वेळ उभे राहिले.

फोटोत एक गोष्ट कळत नाही, ती इथे कळली. चोच टोकाशी अणकुचीदार नाही. ती सपाट आहे, पटाशीच्या पात्यासारखी आडवी कापलेली. बुडाशी जाड, आणि नाकपुड्यांवर पांढऱ्या पिसांचा झुपका, लाकडाचा भुसा आत जाऊ नये म्हणून. मामांनी वाकून काचेला नाक लावलं आणि म्हणाले, "हा भोक पाडायला कमी आणि साल उचकटायला जास्त." अगदी तेच. इतर सुतार लाकूड खणतात. हा नुकत्याच मेलेल्या झाडाची, अजून घट्ट चिकटलेली साल बाजूने घाव घालून सोलून काढतो आणि खालच्या मोठ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या खातो. झाड मेल्यावर पहिली दोन-तीन वर्षंच त्या अळ्या सालीखाली असतात. मग साल आपोआप सुटते, दुसरे कीटक येतात, दुसरे पक्षी येतात. म्हणजे या पक्ष्याचं ताट सतत सरकतं. त्याला असं रान लागतं की ज्यात दरवर्षी कुठे ना कुठे मोठी झाडं मरत राहतील. जेम्स टॅनर या संशोधकाने हिशेब मांडला होता : एका जोडीला सुमारे सहा चौरस मैल.

जगभरच्या संग्रहालयांत या पक्ष्याचे चारशेच्या आसपास नमुने आहेत. पक्षी दुर्मिळ होत गेला तसा त्याचा भाव वाढला आणि भाव वाढला तशा बंदुका वाढल्या. संग्राहकांनी काही भागांतून उरलेसुरले पक्षीसुद्धा उचलले.

१९९९ च्या एक एप्रिलला याच विद्यापीठातल्या वनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने पर्ल नदीच्या रानात टर्कीच्या शिकारीला बसलेला असताना नर-मादीची जोडी जवळून पाहिल्याचं सांगितलं. प्राध्यापकांनी त्याला खूप उलटसुलट विचारलं आणि त्याची उत्तरं खरी वाटली. २००२ च्या हिवाळ्यात तज्ज्ञांचं पथक तिथे उतरलं. एका दुपारी त्यांनी 'टक्-टक्' असे जोडठोके ऐकले, ध्वनिमुद्रणही झालं. हा सुतार लांबलचक ढोल वाजवत नाही, एकामागोमाग दोनच ठोके देतो, दुसरा जरा हलका. पण आवाजाचं विश्लेषण झालं तेव्हा ते दूरवरचे बंदुकीचे बार निघाले. पथकाने ते स्वतःहून जाहीर केलं. त्यांचं मला फार कौतुक वाटतं. ज्या गोष्टीसाठी रात्रंदिवस चिखल तुडवला ती हाती आल्यासारखी वाटत असताना 'नाही, हे ते नव्हे' म्हणायला हिंमत लागते.

शनिवार : टॅलुलाह

मिसिसिपी नदीच्या कडेकडेने उत्तरेला. नॅचेझनंतर नदी ओलांडून सपाट मुलूख लागला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी-राखाडी शेतं, पार क्षितिजापर्यंत. उन्हाळ्यात इथे सोयाबीन, कापूस आणि मका असतो. मधूनच झाडांची एखादी रेघ. "हे सगळं रान होतं?" मामांनी विचारलं. सगळं.

टॅलुलाह गाव आता ओस पडल्यासारखं वाटतं. बंद दुकानं, एक रिकामा चौक. पण या पक्ष्याच्या कथेत हे गाव मोठं आहे. १९३२ साली इथला मेसन स्पेन्सर नावाचा वकील, राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य, राज्याच्या वन्यजीव खात्यात गेला असताना म्हणाला की आमच्याकडे आयव्हरी-बिल आहेत. सगळे हसले. संपलेला पक्षी म्हणे आमच्याकडे आहे! त्याला चेष्टेने एक मारायचा परवाना देण्यात आला. स्पेन्सर गावी आला, रानात गेला, आणि नर मारून आणून टेबलावर ठेवला.

म्हणजे तेव्हाही नुसता शब्द चालला नाही. आणि जो पुरावा चालला तो मेलेला होता.

रात्री मोटेलवर मी मामांना १९३५ चं ध्वनिमुद्रण ऐकवलं. कॉर्नेल विद्यापीठाने ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय. जत्रेतली पत्र्याची पिपाणी कुणी थांबून थांबून फुंकावी तसा आवाज. मामांनी तो पुन्हापुन्हा लावायला सांगितला, शेवटी स्वतःच फोन हातात घेतला.

रविवार : टेन्सॉ

आज ज्याला टेन्सॉ नदी राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान म्हणतात, त्यात जुन्या सिंगर ट्रॅक्टचा मोठा भाग येतो. सिंगर म्हणजे आपल्या घराघरात ज्याचं शिलाई मशीन होतं तीच कंपनी. मशीनच्या लाकडी पेट्या आणि टेबलांसाठी ओक हवा म्हणून त्यांनी इथे सुमारे ८१,००० एकर जंगल घेतलं होतं आणि बरीच वर्षं ते जवळजवळ तसंच राखलं, चौकीदारही नेमले. माझ्या आजीकडे सिंगरचं पायमशीन होतं, पण त्या नावाची पाटी एखाद्या जंगलावर असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

सकाळी धुकं होतं. पायवाटेवर पाऊल टाकलं आणि बुटाला चिखल लागला. इथले लोक त्याला गम्बो म्हणतात. राखाडी, चिवट, पाण्याने फुगलेली चिकणमाती. दर दहा पावलांनी बूट जड होतो, काडीने खरवडायचा, पुन्हा तेच. १९३५ च्या एप्रिलात कॉर्नेलचे आर्थर अॅलन, पॉल केलॉग, जॉर्ज सटन आणि विद्यार्थी असलेला जेम्स टॅनर ध्वनिमुद्रणाची अवजड यंत्रं भरलेला ट्रक घेऊन इथे आले तेव्हा याच चिखलाने त्यांना अडवलं. मग त्यांनी ट्रकमधली सगळी यंत्रं उतरवून खेचरांच्या गाडीवर चढवली आणि दलदलीतून घरट्याच्या झाडापर्यंत नेली. झाडाखाली तळ टाकला. घरटं चाळीसएक फूट उंचावर. तिथे बसून त्यांनी या पक्ष्याचा आवाज पकडला, चलच्चित्र काढलं, फोटो काढले. वाट दाखवायला जे. जे. कून नावाचा स्थानिक वनरक्षक होता.

नर-मादी घरट्याच्या तोंडाशी एकत्र असलेला अॅलन यांचा फोटो मामांनी छापून आणला होता. दुसरा फोटो टॅनरचा. टॅनर १९३७ ते १९३९ अशी तीन वर्षं दक्षिणेतलं प्रत्येक शक्य रान धुंडाळत फिरला. ६ मार्च १९३८ ला तो इथल्या एका घरट्यातल्या पिल्लाच्या पायात कडं घालायला झाडावर चढला. पिल्लू बिथरलं, बाहेर उडी मारून खाली वेलींच्या जाळीत पडलं. टॅनरने उतरून ते उचललं आणि कूनच्या हातावर ठेवलं. ते बाहीवरून चढत खांद्यावर, खांद्यावरून टोपीवर गेलं. टॅनरने भराभर फोटो काढले आणि पिल्लाला पुन्हा ढोलीत नेऊन ठेवलं. त्याचं नाव त्याने सनी बॉय ठेवलं. कडं घातलेला या जातीचा तो एकमेव पक्षी. त्या मालिकेतले काही फोटो कैक वर्षं घरातच पडून होते, टॅनर गेल्यानंतर ते त्याच्या पत्नीकडे सापडले.

मामांनी तो कागद झाडाला टेकवून धरला. नख्या टोपीच्या कापडात रुतलेल्या दिसतात. शेपटीची ताठ पिसं टेकू दिल्यासारखी टोपीवर रोवलेली. ते बुंधा समजून चढतंय, टोपी त्याला टोपी वाटतच नाही. "भीती नाही बघ त्याला," मामा म्हणाले. "माणसाला पाहिलंच नसेल कधी."

टॅनरचा अंदाज होता की १९३९ मध्ये अमेरिकेत मिळून २२ ते २४ पक्षी उरलेत. त्याच सुमारास सिंगरने तोडणीचे हक्क विकले. शिकागो मिल अँड लंबर ही कंपनी रेल्वेमार्ग टाकत आत शिरली. ऑड्युबॉन सोसायटी या पक्षीरक्षक संस्थेचे जॉन बेकर धावाधाव करत होते. चार राज्यांचे गव्हर्नर जंगल वाचवायच्या बाजूने उभे राहिले, लुइझियानाच्या गव्हर्नरने जमीन विकत घेण्यासाठी दोन लाख डॉलर देऊ केले. डिसेंबर १९४३ मध्ये शिकागोत बैठक झाली. कंपनीच्या अध्यक्षाने सांगितलं की आम्ही पैसा कमावणारी माणसं, नीतीच्या गोष्टी तुम्ही बघा. युद्ध चालू होतं, मजूर कमी होते, तर जर्मन युद्धकैद्यांकडूनही इथे लाकूडतोड करून घेतली गेली. एप्रिल १९४४ मध्ये डॉन एकलबेरी हा चित्रकार आला तेव्हा तोडलेल्या रानाच्या कडेला एकच मादी उरली होती. तिची रोजची ढोली ठरलेली होती. सुमारे दोन आठवडे तो संध्याकाळी तिच्या परतण्याची वाट बघे आणि चित्रं काढी. तीच ती सर्वमान्य शेवटची नोंद.

मला या ठिकाणी उभं राहून राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. कारण या पक्ष्याबद्दल आज जो वाद चालतो तो सगळा पुराव्याचा आहे : फोटो अस्पष्ट, आवाज संदिग्ध, साक्षीदार एकटाच. पण इथे पुरावा कमी होता का? फोटो होते, स्वच्छ, डोळ्यातली चमक दिसावी असे. आवाज होता. चलच्चित्र होतं. कुठल्या झाडावर घरटं, कुठल्या झाडावर अळ्या, सगळं लिहून ठेवलेलं होतं. टॅनरचा अहवाल १९४२ साली छापूनही झाला होता. एवढं असताना झाड न् झाड गेलं.

मामा मात्र वर बघत होते. जंगल पुन्हा वाढलंय, हे खरं. आश्रयस्थान १९८० साली झालं. स्वीटगम, नटॉल ओक, खाली पंख्यासारख्या पानांचं बुटकं पाल्मेटो. ओक आता चांगले जाड आहेत. काळं अस्वलही टिकलं. १९०७ साली थिओडोर रूझवेल्ट इथे अस्वलाच्या शिकारीला आले होते आणि तीन आयव्हरी-बिल पाहिल्याचं त्यांनी लिहून ठेवलंय. लुइझियानाचं काळं अस्वल १९९२ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेलं आणि २०१६ मध्ये संख्या सावरल्यामुळे यादीतून बाहेर आलं.

"झाडं छान आहेत," मामा म्हणाले, "पण सगळी एका वयाची. म्हातारं कुणी नाही, मरणारं कुणी नाही." थोडं चालून पुन्हा थांबले. "आमच्याकडे कूप, म्हणजे तोडीला काढलेला रानाचा तुकडा, पाडायचा झाला की पहिली मार्किंग कशाची? वाळकी, पोकळ, मोडकी. खुणेचा हातोडा घेऊन निघालं की डोळा तीच शोधायचा. रान स्वच्छ ठेवायचं म्हणायचे. त्यात राहतं कोण हे विचारायची पद्धतच नव्हती."

अकराच्या सुमारास उजवीकडून मोठा काळा पक्षी पाण्यावरून सरळ उडत आला आणि पुढच्या ओकवर आपटल्यासारखा बसला. माझं काळीज थांबलं. लाल तुरा, मोठी चोच. मामांनी माझं मनगट घट्ट धरलं. दुर्बीण लावली : पाठ पूर्ण काळी. आयव्हरी-बिल खोडावर बसला की मिटलेल्या पंखांची पांढरी कड एकत्र येऊन पाठीचा खालचा अर्धा भाग पांढरा दिसतो. हा पायलिएटेड सुतार, त्याचा थोडा लहान सोबती, इथे भरपूर असलेला. सह्याद्रीतल्या पांढऱ्या पोटाच्या मोठ्या काळ्या सुताराचा जवळचा भाऊबंद. तोही देखणा. पण ते दीड-दोन सेकंद मी विसरणार नाही, आणि 'दिसला' म्हणणाऱ्या माणसांचा खरेपणाही, आणि चूकही, त्या दीड-दोन सेकंदांतून मला कळली.

सोमवार : ब्रिंकली, आर्कान्सा

दिवसभर गाडी. लेक व्हिलेज, मग भातशेती, पाण्याने भरलेली खाचरं आणि त्यांत हजारोंनी पांढरे हंसासारखे गीज. मामा भातशेती बघून खूश झाले.

वाटेत रानपिंगळ्याचा विषय निघाला. १८८४ नंतर हा आपला छोटा घुबड कुणाला सापडला नव्हता. मधली एक नोंद होती, १९१४ ची, गुजरातेतली, रिचर्ड माइनर्टझहागन या ब्रिटिश अधिकाऱ्याची. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासून दाखवलं की त्याने दुसऱ्याचा चोरलेला जुना नमुना नवी चिठ्ठी लावून आपला म्हणून खपवला होता. त्या खोट्या नोंदीमुळे शोध चुकीच्या जागी चालला होता. ती बाजूला ठेवून, खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट शोधत निघाले आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. मामा तेव्हा त्याच भागात होते. "आमच्या भिल्ल-पावरा माणसांना तो रोज दिसत असणार," ते म्हणाले, "पण आम्हाला साधा पिंगळा आणि तो यात फरक करायचा असतो हेच कुठे ठाऊक होतं." म्हणून मामा आशा सोडत नाहीत. मी त्यांना म्हटलं की रानपिंगळा दिवसा उघड्यावर बसतो, आणि नंतर शोधला तसा अनेक ठिकाणी सापडलाही. इथे ऐंशी वर्षं झाली. ते काही बोलले नाहीत.

मंगळवार : बायू डी व्यू

११ फेब्रुवारी २००४ ला जीन स्पार्लिंग नावाचा माणूस या बायूत, म्हणजे संथ, दलदलीच्या पाण्यात, एकटा कायाक वल्हवत होता. त्याला एक मोठा सुतार दिसला, तुरा आणि पांढरे पंख नीट पाहिले. त्याने त्याबद्दल लिहिलं. ते वाचून या पक्ष्याच्या शोधात असलेले टिम गॅलाघर आणि बॉबी हॅरिसन आले आणि २७ फेब्रुवारीला तिघं मिळून पाण्यात उतरले. गॅलाघर-हॅरिसनच्या नावेसमोरून पक्षी आडवा गेला. दोघांच्या तोंडून एकदमच नाव निघालं. नंतर दोघांनी वेगवेगळं बसून टिपणं लिहिली, आणि हॅरिसन रडायला लागला. त्यानंतर कॉर्नेलने वर्षभर गुपचूप शोध चालवला. २५ एप्रिल २००४ ला डेव्हिड लुनो यांच्या नावेवर सतत चालू ठेवलेल्या कॅमेऱ्यात चारेक सेकंदांचं चित्रण आलं : ट्युपेलोच्या बुंध्यामागून एक पक्षी उडतो आणि दूर जातो. फोकस नावेतल्या जवळच्या वस्तूंवर. २८ एप्रिल २००५ ला जगाला सांगितलं गेलं.

सकाळी आम्ही दोन आसनी नाव भाड्याने घेऊन पाण्यात उतरलो. पाणी चहाच्या रंगाचं, जवळजवळ स्थिर. इथले सायप्रस वेगळे आहेत. काही आठशे-हजार वर्षांचे मानले जातात. आतून पोकळ किंवा वेडेवाकडे होते म्हणून लाकूडवाल्यांनी सोडले, आणि म्हणून आज उभे आहेत. मामांनी एका बुंध्याला हात लावला, मग वल्हं आडवं टाकून कान लावून बसले. आत पाणी हलत होतं.

त्या चार सेकंदांवर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. २००६ मध्ये डेव्हिड सिब्ली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चित्रणातलं पांढरं पायलिएटेडच्या पंखांच्या खालच्या बाजूचंही असू शकतं. जेरोम जॅक्सन यांनी तर विचारलं की एवढ्या संदिग्ध पुराव्यावर एवढा पैसा ओतायचा, तर मग जे पक्षी नक्की जिवंत आहेत त्यांच्या वाट्याचं काय? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. चार-पाच वर्षं शोध चालला, शास्त्रज्ञांना जिवंत पक्ष्यापर्यंत नेणाऱ्यासाठी ५०,००० डॉलरचं बक्षीस लागलं, फोटो आला नाही.

पण याच पुराव्याने जे झालं ते माझ्या डोळ्यांत भरतं. व्हाइट नदीचं पाणी उपसून भातशेतीला न्यायची ३२ कोटी डॉलरची योजना होती. जुलै २००६ मध्ये लिटल रॉकच्या संघीय न्यायाधीशाने तिला स्थगिती दिली : आधी या पक्ष्यावर काय परिणाम होईल ते नीट तपासा. पुढे ती पुन्हा सुरू झाली, पण थांबली होती. १९४३ मध्ये उत्तम फोटो असताना करवत थांबली नव्हती. २००६ मध्ये धूसर फोटोवर पंप थांबला. फरक फोटोत नव्हता. १९७३ चा धोक्यातल्या जातींचा कायदा मध्ये झाला होता. आणि हा बायू तरी मुळात का उरला? १९७० च्या दशकात लष्कराचे अभियंते कॅश नदी खणून सरळ कालवा करायला निघाले होते. स्टटगार्टचा रेक्स हॅनकॉक, पेशाने दंतवैद्य आणि छंदाने बदकांचा शिकारी, तो आणि त्याचे सोबती कोर्टात गेले, वर्षानुवर्षं लढले. १९८६ मध्ये इथे आश्रयस्थान झालं. त्या लोकांपाशी आयव्हरी-बिलचा एकही फोटो नव्हता. त्यांना बदकांसाठी पाणी आणि झाडं हवी होती.

परतताना उताराशी एक म्हातारा मासेमार गळ आवरत होता. मामांनी मला दुभाषी करून त्याला विचारलं, तुम्ही पाहिलाय का. त्याने आधी आम्हाला नीट न्याहाळलं. म्हणाला, लहानपणी वडील दाखवायचे, तेव्हा त्याला आम्ही वेगळं काही समजत नव्हतो. आणि नंतर? नंतर एकदा दिसला असं वाटतं, पण ते सांगितलं की लोक येऊन कॅमेरे लावतात आणि मग मला खोटं ठरवून जातात. एवढं बोलून त्याने मामांना विचारलं, तुमच्याकडे कुठले मोठे सुतार आहेत. मामांनी हाताने लांबी दाखवली. मग दोघं बराच वेळ ढोलीच्या तोंडाच्या आकाराबद्दल बोलत राहिले. मी भाषांतर करता करता दमले.

गावात तेव्हाच्या उत्साहाची एखाद-दुसरी पाटी अजून आहे. २००५-०६ मध्ये इथे वुडपेकर छापाचे केस कापून मिळत.

मंगळवार, रात्र

जेवताना मी मामांना पुढचं सांगितलं. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकी वन्यजीव सेवेने २३ जाती नामशेष झाल्या म्हणून यादीतून काढायचा प्रस्ताव मांडला, त्यात हा होता. हरकती आल्या. मे २०२३ मध्ये लुइझियानात काम करणाऱ्या, पिट्सबर्गच्या स्टीव्ह लट्टा यांच्या पथकाने ड्रोनची आणि झाडांवर लावलेल्या कॅमेऱ्यांची चित्रं प्रसिद्ध केली. त्यांच्या मते हे आयव्हरी-बिल. अनेकांच्या मते नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये २१ जाती यादीतून गेल्या. आयव्हरी-बिलला वेगळं काढलं, त्याचा विचार पुढे ठेवला.

तो कधीच काढू नये असं माझं म्हणणं आहे. तो आहे अशी माझी खात्री आहे म्हणून नव्हे. लट्टांची चित्रं मी बघितली आणि मला ठरवता आलं नाही. पण यादीत त्याचं नाव असेपर्यंत या दलदलींत कुणी काही करायला निघालं की आधी थांबून विचारावं लागतं, आणि ते थांबणं अस्वलाला, बदकांना, त्या पोकळ सायप्रसना पुरतं.

मामांचं लक्ष घड्याळाकडे होतं. तिकडे सकाळचे साडेसात वाजले असतील असा हिशेब करून त्यांनी त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या, आता तिथे वनक्षेत्रपाल असलेल्या एकाला फोन लावला. नमस्कार-चमत्कार झाले. मग मामा टेबलावरचा मीठदाणीचा डबा सरकवत म्हणाले, "अरे ऐक, बिबट्याचं नाही विचारत. तुझ्या रेंजमध्ये यंदा उभी वाळकी झाडं किती मार्क केलीस? ... बरं. त्यातली ढोलीवाली किती? ... मोजली नाहीस? मग आधी मोज. आणि मोजून होईपर्यंत हातोडा लावू देऊ नकोस कुणाला. वर काय लिहायचं ते मी सांगतो तुला, कागद घे."